वर गेलेली वीज

आमच्या म्हशीचं तुला सांगितलं नाय ना? कोंडाण्याला गोठ्यावर वीज पडली, म्हैस जागेवर गेली. भरपाईचा अर्ज घेऊन गेलो तर तहसील कचेरीतला साहेब म्हणाला, "वीज पडल्याचा पुरावा आणा." आता वीज काय सही करून जाते? पण त्याच रातचा कोंडाण्यावरच्या विजेचा फोटो पुण्याच्या कुणीतरी काढलेला, पेपरात आला. तेच कात्रण नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलं.

साहेबानं चष्मा लावून वाचलं. "अहो, ही तर ढगातून वर आकाशात गेलेली वीज. दुर्मीळ आहे, लिहिलंय बघा. तुमची म्हैस वर होती का?"

"नाय, गोठ्यात."

"मग हिचा काय संबंध?" अर्ज माझ्याच हातात दिला मेल्यानं.

कात्रण मात्र ठेवून घेतलं. परवा गेलो तर फ्रेम करून त्याच्याच खुर्चीमागं लावलंय. खाली लिहिलंय, 'आपल्या तालुक्याची शान'.