गवत लावलेलं टेबल

नाही, मला एक सांगा, पोकरची रात्र ठेवायची म्हटल्यावर पोकरचं सामान नको? टेबलं नकोत? पत्ते, चकत्या, काहीतरी? का सगळ्यांनी मांस-बटाट्याचं हॉटडिश खाऊन एकमेकांची तोंडं बघत बसायचं? हे मी गावच्या कमिटीत विचारलं, तर कमिटीची अध्यक्ष, म्हणजे मार्लिस, म्हणजे माझीच बायको हो, दुसरी कोण, चष्म्यावरून बघत म्हणाली, "सामानाला दीडशे डॉलर. तू बघ रे ड्वेन, तुला जमतं."

तुला जमतं! तुम्हाला सांगतो, हे दोन शब्द ज्यानं शोधून काढले ना, त्याला मला एकदा भेटायचंय. अहो, मी लोकांच्या घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करणारा माणूस! दुकानात एका टेबलाचा नुसता भाव विचारला, तर दुकानदार म्हणाला, "आधी बसून घ्या."

पण नाही म्हणायची सोयच नव्हती, पैसे लव्हॉनसाठी जमवायचे होते ना! लव्हॉन आमच्या शाळेची स्वयंपाकीण. या गावात जो शाळेत गेला, तो तिच्या हातचं जेवला. मला तर ती न विचारता दुसऱ्यांदा बटाटे वाढायची, कारण आमच्या घरी काय शिजत नव्हतं ते तिला ठाऊक होतं... जाऊ द्या. तर साखरेपायी तिचा पाय काढावा लागला आणि तेव्हापासून बाई घरात अडकली. दाराला पाच पायऱ्या! दवाखान्यात जायचं झालं की आम्ही अग्निशामक दलाचे गडी जाणार, खुर्चीसकट उचलणार, आणि ती डोळे मिटून घेणार. एवढी बोलकी बाई, पण उचलताना अक्षर काढायची नाही. दाराला एक रॅम्प झाला की स्वतःची स्वतः बाहेर पडेल, बस्स, एवढंच हवं होतं तिला. म्हणून हा पोकर.

मग काय, लागलो कामाला! प्लायवूडचे तीन लांबलचक तक्ते आणले. कडेकडेनं ग्लास ठेवायला भोकं पाडली. ही माझी स्वतःची कल्पना हं! फक्त भोकं निघाली ग्लासापेक्षा मोठी... ग्लास ठेवला की थेट बुटावर. वर घालायला हिरवं बनातीचं कापड हवं, त्याचा भाव ऐकला आणि तस्साच मागे फिरलो. पण गावाबाहेर ते मिनी गोल्फ बंद पडलंय ना, तिथलं प्लास्टिकचं गवत फुकट मिळत होतं. हिरवं ते हिरवं! दिलं ठोकून. मार्लिसनं पत्ता टाकून बघितला, तर पत्ता घसरेल तर शपथ! "ड्वेन, बदामचा राजा दिसत नाहीये." अगं, नीट बघ, चरायला गेला असेल!

आणि चकत्या? दुकानातले लोखंडी वायसर आणून लाल, निळे रंगवले. पण मिनेसोटातला मार्च, त्यात माझं गॅरेज, रंग वाळणार कसला? गोठला नुसता. पोकरच्या रात्री गावच्या हॉलच्या उबेत आल्याबरोबर लागला सुटायला, आणि अर्ध्या तासात सगळ्यांची बोटं रंगली. मार्लिस कानाशी येऊन म्हणते, "तुला जमतं म्हटलं होतं मी." म्हटलं, तू म्हटलं होतंस, मी नाही!

तेवढ्यात लव्हॉनची गाडी आली. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. हॉलला पायऱ्या! दोनच, पण पायऱ्या! जिच्या रॅम्पसाठी एवढा खटाटोप, ती बाई आत येणार कशी, हे एका शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं हो! आमचा दलाचा प्रमुख गॉर्डी बाह्या सरसावून धावला.

"गॉर्डी, हात मागे!" लव्हॉन म्हणाली. "घरी उचललंत, तिथे कोण बघतं? इथे अख्खं गाव बसलंय. तुम्हा सगळ्यांना मी ताटं वाढलीत. यांच्यासमोर पोत्यासारखी नाही यायची मी. मला घरी सोडा."

मांडीवर स्वतः भाजलेल्या बार्सचा, म्हणजे गोड वड्यांचा डबा, आणि बाई बर्फाच्या वाऱ्यात बसलेली. मार्लिसनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यातच मला ऐकू आलं... तुला जमतं.

धावत आत गेलो. "उठा! पत्ते उचला!"

"अरे ड्वेन, माझ्याकडे तीन एक्के आहेत!"

"गवतात शोध!"

उचलला तक्ता, नेला, टाकला पायऱ्यांवर, गवत वरच्या बाजूला. लव्हॉननं चाकांना हात घातला. गॉर्डी मागे, हात पसरून, पण न लावता. आणि ती चढली हो! एकटी! बाजूला एवढा बर्फ, पण गवतावर चाक तसूभर घसरलं नाही. वर पोचून म्हणाली, "ड्वेन, टेबल भिकार आहे. रॅम्प झकास आहे." आणि उगाचच परत खाली गेली, परत वर आली! मी रडलो. त्यात लाज कसली? फक्त डोळे पुसले ते रंगलेल्या हातानं, म्हणून रविवारी चर्चमध्ये एक डोळा निळा घेऊन बसलो होतो.

तिनं तो तक्ता काही हलवू दिला नाही. "मला परत उतरायचंय!" मग सगळे उरलेल्या दोन टेबलांवर दाटीवाटीनं बसले, आणि बक्षिसाचा हॅम तिनंच जिंकला, तोही माझ्यासमोर! जमलेल्या पैशात रॅम्पचे खांब आले, कठडा आला. सुतार फळ्यांचं काढायला लागला, तर लव्हॉन म्हणाली, "फळ्या कशाला? ड्वेनची टेबलं आहेत की." आता तिन्ही तक्ते तिच्या दारात! वितळलेल्या बर्फाचं पाणी त्या भोकांतून खाली जातं, थेंब साचत नाही. आणि बाई? रोज आमच्याकडे हजर! माझे बटाटे कसे चुकले ते सांगायला.

गेल्या आठवड्यात परत कमिटी बसली. यंदाही पोकर. म्हटलं, टेबलं कुठायत? तर पहिल्या रांगेत, आपली आपण आलेली लव्हॉन म्हणते, "दीडशे कशाला? शंभरात होईल. तू बघ रे ड्वेन..." आणि सगळी कमिटी एका सुरात, "तुला जमतं!"

निघालोय आता प्लायवूड आणायला. म्हटलं होतं, या वेळी भोकं ग्लासाच्या मापाची पाडावीत... पण नको, मोठीच पाडतो. पुढे कुणाच्या दाराला लागतील, काय सांगावं?