मशीनचं तेवढं बोलायचं न्हाई

मध्यस्थीचं विचारायलास म्हणून सांगतो. ऐन हंगामात आमच्या औरादच्या डाळमिलचं मशीन बंद पडलं. ते बसवणारा शिवराजअण्णा गावातलाच, पण दाद देईना. मी दावा लावायला निघालो. वकील म्हणाला, "आधी बिदरला मध्यस्थीला बसावं लागतंय, कायदाच हाय. तवर अण्णाशी केसचं बोलू नका."

बिदरला मध्यस्थ बाईंनी आम्हाला समोरासमोर बसवून विचारलं, "तुम्ही शेवटचे कधी भेटलात?"

अण्णा म्हणाला, "आत्ताच. ह्यांच्याच गाडीत आलो की."

"मग वाटेत बोलला नाहीत?"

"बोललो की. तुरीचं, पोरीच्या सोयरिकीचं, सगळं. मशीनचं तेवढं न्हाई. ह्यांच्या वकिलानं नको म्हणलंय."

बाई म्हणाल्या, "जाताना तेवढंच बोला."

परतताना वाटेतलं संतपूर यायच्या आत मिटलं. मशीन आता चालायलंय. वकील तेवढा माझ्याशी बोलंना.