एकमेकींचे डबे

दातांच्या दवाखान्यात माझा आ वासला, तो डॉक्टरांमुळे नव्हे, शेजारी बसलेल्या सासू-सुनेमुळे!

“आई, आज वर्ष झालं. माझा बचतीचा डबा द्या, तुमचा घ्या.”

“आपलाच डबा फोडायचा मोह होतो, म्हणून केली होती गं अदलाबदल.”

“पण माझा इतका हलका कसा?”

“तुझ्या वाढदिवसाची साडी आठवते?”

“अगंबाई! माझ्या शिलाई मशीनसाठी साठवलेल्या पैशांतून मलाच साडी?”

“ओरडू नकोस. आण माझा डबा, आत डॉक्टरांकडे कवळी तयार आहे, तिचे पैसे द्यायचेत.”

“आई… ही तुमच्या अंगावरची शाल…”

“तू दिलेली. तिचं काय?”

“ती तुमच्या डब्यातून घेतली होती.”

“अगं बये! म्हणजे मी माझी कवळी पांघरून बसलेय?”