पाटलांची सूची

जळगावातल्या एका कॉलेजच्या खिडकीशी, रांगेत माझ्या पुढचे नाना क्लार्कशी बोलत होते.

"भाऊ, पाच वाजता फॉर्म बंद होतो. पोरीचं लॉगिन कधी सुरू होईल?"

"नाना, 'पाटील' टाकलंय, सर्व्हर शोधतोय. आडनावांची सूची असते त्याच्याकडे."

"चोपड्याच्या बाजारात 'ओ पाटील' म्हणा, निम्मे लोक वळून बघतील. तिथं सूची काय कामाची? बठ्ठी, एकूण एक नावंच वाचत बसला असेल तो!"

"मग मी काय करू?"

"नोंदणी क्रमांकाची सूची शे का?"

"आहे की."

"तो क्रमांक एकाच पोरीचा असतो. तो टाका."

"हां, सापडली. दीपमाला पाटील! आधीच का नाही दिला क्रमांक?"

"फॉर्मच्या पहिल्याच ओळीत शे. त्यावरचा तुमचा चहाचा कप उचला."