म्हणे तीनच तर भोकं!

...नाही, पण मला एक सांगा, भोक म्हणजे भोकच ना हो? भिंतीला पाडलं तर घरमालक आकाशपाताळ एक करतो, आणि माझ्या पोटाला पाडली तर जो तो म्हणतो, "तीनच तर भोकं!" तीनच? स्वतःच्या पोटाला एक पाडून बघा!

तुम्हाला सांगतो, मी सुतार माणूस. एक भलंथोरलं कपाट दोन जिने वर चढवलं आणि जांघेत काहीतरी सटकलं... लिंबाएवढी गाठ! उभा राहिलो की बाहेर, आडवा झालो की आत! दोन वर्षं लपवली. लपवणार नाही तर काय, चारचौघांत दाखवायची जागा आहे का ती? शेवटी खोकताना माझा हात कुठे जातो ते बायकोने हेरलं. "चला दवाखान्यात!"

डॉक्टर म्हणाला, "काका, हर्निया आहे. दुर्बिणीतून करू. बेंबीपाशी एक, खाली दोन, आतून जाळी बसवली की संपलं. तीनच तर भोकं!" जसं काही खिडकीलाच जाळी बसवतोय!

भूल उतरली आणि दुखायला लागला खांदा. खांदा! ऑपरेशन जांघेचं आणि दुखतोय खांदा! नर्सबाई म्हणतात, "आतलं नीट दिसावं म्हणून पोटात गॅस भरतात ना, त्याचं आहे ते." अहो, मी काय सायकलची ट्यूब आहे? वर दर अर्ध्या तासाने भर वॉर्डात, "काका, लघवी झालीऽऽ का?" शेवटी समोरच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा विचारायला लागला! मग डॉक्टर येतो नि म्हणतो, "उजवीकडेही बारीकसा होता, जाता जाता तोही केला." जाता जाता! भाजी आणायला निघाला होता का हा?

दुसऱ्या दिवशी घरी. आणि भेटायला कोण? माझा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. सदरा वर करून बघतो काय, खिदळतो काय... "दादा, याला ऑपरेशन म्हणतात? डास चावलाय तुम्हाला! तीनच तर भोकं!" मला उलट ओरडताही येईना हो, ओरडलो की पोटात कळ!

राग मी जपून ठेवला. चांगला घासूनपुसून, दीड महिना! आणि एक दिवस हाच मेहुणा माझ्या कारखान्यात आला, दार ओढून घेतलं, पट्टा सैल केला... गाठ! चेहरा पांढराफटक. म्हणतो, "दादा, भूल दिल्यावर माणूस... उठतो ना नक्की?"

आता सांगा, काय बोलायचं? एवढं पाठ केलेलं, आणि तोंडातून निघालं काय तर, "उठतो रे वेड्या. मी येतो तुझ्याबरोबर."

म्हणून बसलोय इथे, ऑपरेशन थिएटरबाहेर, तुम्हा सगळ्यांबरोबर या बाकावर. दोन तास झाले, अजून पत्ता नाही! मला राग आलाय. रागच, दुसरं काही नाही! डोळ्यांत कचरा गेलाय... अहो, पण एवढा वेळ लागतो का कुठे? करतात काय आत? कुणी काही सांगेल की...

ही बघा, बहीण आली आतून पळत. काय गं? काय झालं?

"दादा, उठले हे! आणि डोळे उघडल्याउघडल्या पहिलं काय म्हणाले सांगू? 'बाहेर दादा ओरडतायत, त्यांनाही जरा भूल द्या!'"

...द्या म्हणावं. झोप तरी लागेल.