पावडरीचा डबा

हॅलो?… हो, ग्रामपंचायतच. सरपंच आहेत ना, समोरच बसलेत… कोण, मामा? अहो मी रंभा… हो, इथंच आहे. कंपनीचे साहेब नको म्हणाले होते, तरी आले.

नाही, ऐका ना… मामा, आधी ऐका तरी. गावाचं पाणी बघणाऱ्या धोंडीबाकाकांना कामावरून काढून टाकायला बैठक बसलीय. का, तर ते विहिरीत जंतू मारायची पावडर टाकतात आणि पाण्याला दवाखान्यासारखा वास मारतो. डबासुद्धा काढून घेतलाय त्यांचा. आणि तुमचे साहेब म्हणतात, तसंच लिहून दे, कंपनीची केमिस्ट म्हणून सही कर… नाही करणार. का करू?

पावडर पडली की वास वाढतो, खरंय. पण आपल्या कंपनीच्या बेकेलाइट प्लॅस्टिकच्या सांडपाण्यातलं फिनॉल नाल्यातून विहिरीत झिरपतंय. त्याला पावडर भेटली की घाण सुटते. डबा लोकांना दिसतो, फिनॉल कुठं दिसतंय?… तेच दाखवायला आलेय.

आज पावडर न टाकताच पाणी काढलंय… तपासायची औषधं ना? कॉलेजच्या बाईंकडून मागून आणलीत. कंपनीचा थेंब नाही. तुमची भाची चोर नाही, सांगा त्यांना.

काय? कुठल्याही पाण्याला रंग चढतो म्हणतात साहेब? म्हणून तर दोन नळ्या आणल्यात. एकीत तळेगावचं नळाचं पाणी, दुसरीत विहिरीचं. थांबा, फोन ठेवू नका… काका, नळ्या सरळ धरा. हे अमिनोअँटिपायरिन… आता हे पिवळं औषध. फिनॉल असेल तरच लाल होईल…

मामा, आहात ना? तळेगावचं पिवळंच राहिलंय.

विहिरीचं लाल झालं… हो, लालभडक.

कळतंय हो. तुमच्या शब्दावर लागले मी. तुम्हाला खाली बघावं लागतंय, त्याचं फार वाईट वाटतं. पण दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन पगार नको मला… द्या, द्या त्यांच्याकडे.

नमस्कार साहेब… उद्यापासून येऊ नको? बरं. कामाला येत नाही. पण गेटवर येणार, ही नळी घेऊन, आणि गावाला घेऊन… हॅलो? हॅलो?…

ठेवला त्यांनी. सरपंच, आधी काकांचा डबा परत द्या.