टोप कोणी घासायचे

माझं नाव फिलोमिना, घरात फिलू, आणि ते बदलून लिहू नका हं, जसं आहे तसंच लिहा, आणि डॉमनिकचंही लिहा, कारण तो हे वाचणार आहे आणि त्याने वाचावं म्हणूनच मी तुम्हाला इथे किचनमध्ये बसवून चहा पाजतेय. मी वसईची, समुद्राच्या अंगाच्या गावातली, आमची केळीची वाडी होती, बाप घड कापायचा आणि आम्ही पाच बहिणी शाळेच्या आधी झाडांना पाणी घालायचो. घरात आमची कादोडी बोली, पण देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, प्रार्थना मराठीत, गायन मराठीत, म्हणजे देवाशी बोलायचं ते मराठीत, हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरूनच पेटलं. आणि राग माझा लहानपणापासूनचा. शेजारणीने एकदा मी पेरू चोरला म्हणून मला मारलं, मी चोरला नव्हता, तर आठ वर्षांनी तिच्या पोरीचं लग्न होतं, सगळा गाव जेवायला गेला आणि मी घरी बसून सुकट-भात खाल्ला. आई म्हणायची, ही पोर काय विसरत नाय. नाय विसरत, खरं आहे ते.

लग्न झालं, नवरा इनास मस्कतला होता, तिथून आम्ही इथे स्कारबरोला आलो तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती. आधी मी चिकन पॅक करायच्या फॅक्टरीत होते, बोटं अशी गार पडायची की घरी येऊन बटण निघायचं नाय, मग कोर्स केला आणि पीएसडब्ल्यू झाले, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, नाश्ता द्यायचा. बावीस वर्षं झाली मला त्यात, गुडघे गेले माझे पण काम आवडतं.

आता मंडळाचं सांगते. टोरोंटोच्या आसपास आमची वसईची माणसं पुष्कळ, त्यांचं एक मंडळ, आणि उन्हाळ्यात आमचा सण, मिस्सा असते, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, मूर्तीची मिरवणूक असते आणि मग हॉलमध्ये जेवण. मटण आणि भात. जेवण माझं, सतरा वर्षं माझं. चार मोठे टोप वसईहून आणलेले, एवढे मोठे की दोन वर्षांचं पोर आत बसेल, ते लुर्डिसच्या गॅरेजमध्ये ठेवायचे कारण तिचं घर मोठं. ही लुर्डिस माझ्या पलीकडच्या गावची, बँकेत कामाला, बोलायला गोड. ती एका वर्षी म्हणाली, मुलांना मराठी कळत नाय, ती मिस्साला येत नायत, आपण मिस्सा इंग्लिशमध्ये करू या. मी म्हटलं, मग सण कशाला, इंग्लिश मिस्सा तर दर रविवारी आहेच. झालं, दोन तट पडले. काय सांगू तुम्हाला, दोन वर्षं दोन सण झाले, एकाच दिवशी, दोन हॉलमध्ये, सख्खे भाऊ ग्रोसरीत समोर आले तर ट्रॉली वळवायचे.

शेवटी फादर मध्ये पडले आणि तह झाला. तहच म्हणा, कागद लिहिला, सह्या झाल्या. पण आमची माणसं कमी, हॉल त्यांच्या नावावर, टोप त्यांच्याकडे, म्हणजे आम्ही हरलो होतो आणि कागद त्यांनी लिहिला. मिस्सा इंग्लिशमध्ये, मराठी गायन फक्त एक. पाच वर्षं टोप आमच्या बाजूच्यांनी घासायचे. आणि मी सणाच्या दिवशी माईकवर माफी मागायची, तीही इंग्लिशमध्ये, कारण मुलांना कळली पाहिजे. फादरांना वाटलं मिटलं एकदाचं. मी माफीचा कागद वाचायला उभी राहिले, लुर्डिसने टाईप करून दिलेला, अर्धं पानभर माफी, आणि मी अडखळले, परत अडखळले, आणि पोरं हसायला लागली, आणि पहिल्या रांगेत माझी स्वतःची नात हसली. तिला काय कळतंय, दहा वर्षांची पोर. पण लुर्डिसला कळत होतं, ती खाली बघून पदराशी खेळत होती, थांबवलं नाय तिने. नंतर मी मागे जाऊन चारही टोप घासले. कागद घरी आणला आणि फ्रिजवर मॅग्नेटने लावला, इनास म्हणाला काढ तो, मी म्हटलं हात लावशील तर बघ.

दुसऱ्या दिवशी मी मिसेस केलरकडे गेले. ही माझी जर्मन म्हातारी, सत्त्याण्णव वर्षांची, एकटी अपार्टमेंटमध्ये, मेंदू अगदी साफ. मी तिला मोजे घालत होते, एकाच पायात दोन मोजे चढवले, तिने विचारलं काय झालं, मी सगळं सांगितलं, फ्रिजवरच्या कागदासकट. ती म्हणाली, माझ्या बाबांची टोपी होती तशी.

तिचा बाप पोस्टमन, नदीकाठचं गाव. पहिलं महायुद्ध ते लोक हरले होते, कागदावर शांती झाली होती, पण फ्रान्सचे सैनिक गावात ठाण मांडून, आणि त्यांचा ऑफिसर समोरून आला की गावातल्या माणसाने टोपी काढायची आणि फुटपाथ सोडून खाली रस्त्यात उतरायचं. ही चार वर्षांची, बापाच्या हाताला धरून चाललेली, बाप कसल्या तरी विचारात, उतरायला उशीर झाला, तर ऑफिसरने छडीने त्याची टोपी उडवली, ती गटारात पडली. बापाने ती टोपी धुतली नाय. तशीच वाळवली आणि दाराजवळ खिळ्याला टांगली. पुढे बरे दिवस आले म्हणाली, सैनिक गेले, लोक मोकळेपणाने मतं द्यायला लागले, गावात गाण्याचा क्लब निघाला, बाप त्यात गायचा, आई म्हणायची आता ती घाण काढून टाक, पण टोपी तिथेच. मग लोकांची कामं गेली, आणि रेडिओवर तो एक ओरडायला लागला की ज्यांनी तुम्हाला गटारात उतरवलं त्यांना मी उतरवीन. बाप तीच मळकी टोपी घालून त्याला मत द्यायला गेला.

मी विचारलं, मग उतरवलं की नाय त्यांना? ती म्हणाली, उतरवलं. मी म्हटलं, बरं झालं. तर तिने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातून पाय मागे घेतला.

मला तेव्हा त्यातलं एवढंच पटलं, की तिच्या बापाला शेवटी न्याय मिळाला. तेव्हा टीव्हीवर अमेरिकेची निवडणूक चालू होती, ती आवाज बंद करून नुसती तोंडं बघायची आणि मान हलवायची, आणि मी आपली पॉरिज ढवळत मनात डॉमनिकचा हिशोब करत होते.

डॉमनिक ब्रॅम्पटनचा, ट्रकच्या कंपनीत डिस्पॅचर, दिवसभर फोनवर ड्रायव्हरांवर ओरडायचं काम, आवाज असा की माईक नको. तो आमच्या टोप घासणाऱ्यांत येऊन म्हणाला, मला मंडळाचा अध्यक्ष निवडून द्या, हा तहाचा कागद मी फाडतो आणि फिलूबायला खुर्चीवर बसवतो. कोणी असं बोललं नव्हतं हो माझ्याशी. मी त्याच्यासाठी दार न दार फिरले, बर्फात फिरले, लोकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसून दिला आणि मत मागितलं. तो निवडून आला, स्टेजवर त्याने कागद फाडला, आणि मी अशा टाळ्या वाजवल्या की हात लाल झाले. मला खरोखर खुर्चीवर बसवलं त्याने, पहिल्या रांगेत.

मग त्याने लुर्डिसला मंडळातून काढलं. ठरावावर पहिली सही माझी, पेन त्याने स्वतः दिलं. मग म्हणाला, दर वर्षी निवडणूक कशाला, भांडणं होतात, आता मीच बघतो सगळं. आम्ही हो म्हटलं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त तोच लिहिणार. मग कोण लुर्डिसच्या घरी दिसलं, कोणी तिच्या फोटोला लाइक दिलं, ते त्याला कळवायचं, आणि कळवायचे हो लोक, मीपण दोघांची नावं कळवली. एकीने मला वर्षापूर्वी टोप नीट निघाला नाय म्हणून टोकलं होतं, तिचं नाव द्यायला तर मला गोड वाटलं. आणि मग लुर्डिसचा नवरा गेला, सिप्रू, चांगला माणूस, मिरवणुकीत मूर्तीला खांदा द्यायचा. डॉमनिकचा मेसेज आला, मंडळाचं कोणी मातीला जाणार नाय. तुम्हाला सांगते, आमच्यात वैऱ्याच्या घरी मयत झालं तरी माणूस जातो, आणि त्या घरात चूल पेटत नाय म्हणून दुसरी बाई भात शिजवून नेते. ती बाई इथे सतरा वर्षं मी होते. इनास म्हणाला, फिलू, चल. मी म्हटलं, तिने मला वाचायला लावलं होतं. इनास एकटा गेला, आणि मी गेले नाय. पेरूसारखंच केलं मी, पण ते लग्न होतं आणि ही माती होती.

मिसेस केलरला हे सांगितलं तेव्हा मी तिचे केस धुत होते. ती डोळे मिटून म्हणाली, टोपीचं पुढचं तुला सांगितलंच नाय. त्या ओरडणाऱ्याने आधी बाकीचे पक्ष बंद केले, मग पेपर बंद केला, मग शाळेतला एक मास्तर दिसेनासा झाला, मग गाण्याच्या क्लबला सांगितलं आमचीच गाणी म्हणा, आणि मग क्लबही बंद. बापाला सांगितलं, परदेशातून कोणाला पत्रं येतात ते लिहून दे. बापाने पहिलं नाव दिलं ते शेजाऱ्याचं, कारण तो फ्रेंच ऑफिसरांना अंडी विकायचा. शेजाऱ्याला नेला तो परत आला नाय. बाप पुढेही नावं देत राहिला, आणि एक दिवस दारूच्या गुत्त्यात नुसतं म्हणाला, हल्ली टोपी कोणाकोणाला काढायची तेच कळत नाय. त्याच्याच हाताखालच्या पोस्टमनने त्याचं नाव दिलं, त्यालाही नेला. दोन वर्षांनी घरी आला तो बोलेनासा झाला होता. मी म्हटलं, आणि टोपी? ती म्हणाली, आईने चुलीत घातली, पण उशीर झाला होता. आणि मग मला म्हणाली, पाणी गार झालंय, फिलोमिना.

माझी पाळी पुढच्या सणाला आली. मराठीसाठी एवढं सगळं केलं, आणि डॉमनिक म्हणाला, गायन नको, आपण बँड आणू, माझ्यावर एक गाणं बसवलंय. मी मीटिंगमध्ये उठून म्हटलं, अरे, मिस्सात तुझं गाणं? एवढंच म्हटलं. घरी पोचायच्या आधी मला ग्रुपमधून काढलं होतं. देवाची शपथ, ज्यांची मी बाळंतपणं काढली त्या बाया बसस्टॉपवर मला बघून फोनमध्ये तोंड घालायला लागल्या. मेला कुजेल तो डॉमनिक, त्याच्या ट्रकांना विंटर टायर मिळू नयेत, लिहा, हेही लिहा.

सणाच्या दिवशी मी इथेच बसले होते, त्या खुर्चीवर, तर फोन वाजला. लुर्डिस. हॅलो नाय, काय नाय. म्हणाली, टोप त्याने नेले पण एक मी दिला नाय, तो माझ्याकडे आहे, तांदूळ तू आण. मी गेले. तिच्या गॅरेजमध्ये चौदा माणसं होती, सगळी काढून टाकलेली, त्यात मी नाव कळवलेली ती दोघंही, आणि त्यांनी मला खुर्ची दिली नाय, बरोबरच केलं. मी चूल पेटवली. फोडणी घालताना लुर्डिस शेजारी येऊन म्हणाली, तू सिप्रूच्या मातीला आली नायस. मी म्हटलं, तू मला पोरांसमोर वाचायला लावलंस. ती म्हणाली, हो लावलं. मी म्हटलं, हो, नाय आले. मग मीठ किती, एवढंच बोललो. जेवायच्या आधी सगळ्यांनी मराठीत गायलं, लुर्डिसला सगळी कडवी पाठ होती.

जेवण झालं आणि टोप उरला, खाली करपलेला. सगळे माझ्याकडे बघत होते. लुर्डिसने बाह्या वर केल्या, ड्राइव्हवेत पाण्याचा पाइप ओढला आणि गुडघ्यावर बसून घासायला लागली. मी उठले नाय. मी बघत बसले, आणि काय सांगू तुम्हाला, इतकं बरं वाटलं, इतकं की मलाच माझी भीती वाटली, मिसेस केलरने पाय मागे घेतला होता ना, तसा माझाच पाय मला मागे घ्यावासा वाटला. तरी उठले नाय.

मिसेस केलर मागच्या विंटरला गेली, तिच्या मातीला मी गेले. तो माफीचा कागद मी फ्रिजवरून काढलाय, फाडला नाय, ड्रॉवरमध्ये आहे. माझं पाप लुर्डिसच्या पापापेक्षा मोठं आहे, ते मला समजतं, मी फादरांनाही सांगितलं. देव तिला सुखी ठेवो, सिप्रूला शांती देवो, आणि डॉमनिकचं देवाने बघून घ्यावं. येत्या सणाला टोप मी घासणार, गुडघे दुखले तरी घासणार, तिला तसं फोनवर सांगूनही झालंय. पण त्या दिवशी तिने घासला ते बरंच झालं, हेही लिहा.